काळी मान आणि पाटीची पेन्सिल

आमच्या घरात अंगावरच्या खुणा वाचण्याचं काम आत्याकडे होतं. कुणाला उचकी लागली की ती एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायला लावायची. ज्या नावाला उचकी थांबेल, त्यानं आठवण काढली असं ठरायचं. तळहात खाजला की पैशांचा हिशेब निघायचा. जेवताना जीभ चावली म्हणजे कुणीतरी शिव्या घालतंय. बाईचा डावा डोळा लवला तर उत्तम, उजवा लवला तर आत्या संध्याकाळपर्यंत टपालवाल्याकडे संशयानं बघायची. तिच्या या शास्त्रात एक गोष्ट फार चांगली होती. शरीराच्या कुठल्याही हालचालीतून त्यात आजार निघत नसे. फार तर पाहुणे निघायचे.

आता ते काम मोबाइलनं घेतलंय. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये कुणीतरी पांढरा कोट घालून सांगतं, की कानाच्या पाळीवर तिरकी घडी असेल तर हृदय सांभाळा, नखांवर पांढरे ठिपके असतील तर कॅल्शियम कमी आहे, आणि डोळा लवत असेल तर मेंदूकडे लक्ष द्या. आत्याच्या भविष्यात निदान पैसे मिळण्याची शक्यता तरी होती.

यातलं सगळंच खोटं नाही, हीच पंचाईत आहे. कानाच्या पाळीवरच्या घडीकडे सँडर्स फ्रँक या अमेरिकन डॉक्टरांनी १९७३ साली लक्ष वेधलं, आणि तिचा हृदयविकाराशी काही संबंध दिसतो, असं नंतरही अनेकांनी नोंदवलं. पण वय वाढलं की ही घडी कितीतरी धडधाकट माणसांच्या पाळीवरही पडते. साठीच्या माणसानं आरशात कान तपासण्यापेक्षा दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजून घ्यावा, त्यातून जास्त कळेल. डोळा लवतो तो बहुतेक वेळा जागरणानं, ताणानं किंवा चहा-कॉफी जास्त झाल्यानं. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपला आपण थांबतो. पापणीबरोबर गाल किंवा ओठाचा कोपराही ओढला जायला लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. नखावरचा पांढरा ठिपका कॅल्शियमचा नसतोच. नखाच्या मुळाशी कधीतरी दाराचा, ड्रॉवरचा मार बसलेला असतो. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे मार विसरून गेल्यावर ठिपका वर येतो आणि बिचाऱ्या दुधाच्या पेल्यावर ठपका बसतो.

बोटं मोडण्याचंही तसंच. सांधे झिजतील, संधिवात होईल, असा धाक आपल्या प्रत्येकाला कुणीतरी घातलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांना तो त्यांच्या आईनं, मावशा-आत्यांनी आणि पुढे सासूबाईंनी घातला होता. त्यांनी पन्नास वर्षं रोज निदान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्या हाताला हात लावला नाही, आणि १९९८ साली वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून कळवलं की दोन्ही हात सारखेच आहेत, संधिवात कुठल्याच हाताला नाही. त्यांना २००९ मध्ये इग नोबेल मिळालं. एका माणसाच्या दोन हातांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरं, पण सासूबाईंना इतक्या सावकाश आणि इतकं नेमकं उत्तर देणारा जावई दुसरा सापडणार नाही. (एखाद्याच्या नावानं मोडलेली बोटं वेगळी. त्यांचे परिणाम उंगर यांनी तपासले नव्हते.)

माझं म्हणणं असं, की ज्या खुणांनी आपण दचकतो त्या बहुधा पोकळ निघतात, आणि ज्या खरंच काही सांगत असतात त्यांना आपण सवय, स्वभाव किंवा अस्वच्छता म्हणून मोकळे होतो.

पाटीची पेन्सिल घ्या. शाळेत आमच्या वर्गातल्या काही मुली ती लिहायला कमी आणि खायला जास्त वापरायच्या. मुलं मोठी झाली, पाट्या गेल्या, पण पेन्सिल खाणाऱ्या बायका गेल्या नाहीत. कुणी खडू खातं, कुणी भाजलेली माती, कुणी तांदूळ निवडता निवडता मूठभर कच्चे तोंडात टाकतं, कुणी फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावत बसतं. पहिल्या पावसाच्या वासानं काही जणींच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटतं. घरात हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर विनोद होतात. गरोदर बाई माती खायला लागली तर तेही नाही. ते डोहाळे म्हणून कौतुकात जमा होतं. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त राणी सुदक्षिणा गरोदरपणी माती खाते आणि दिलीप राजाला तिच्या मुखाचा तो मातीचा वास आवडतो. काव्य म्हणून सुंदर आहे. पण दिलीप राजानं तिचं हिमोग्लोबिन बघायला हवं होतं, असं आजचा कुठलाही स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणेल.

कारण न खाण्याच्या वस्तूंची ही ओढ आणि शरीरातली लोहाची कमतरता पुष्कळदा हातात हात घालून येतात. बर्फ चावण्याचं तर विशेष. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की रक्तातला आकडा वर चढण्याआधीच बर्फाची हाव ओसरते, असं अनेक रुग्णांत दिसतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त. यामागची कारणं बरीच आहेत, पण एक आपल्या सकाळच्या ताटलीतच आहे: चहा-पोळी. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शरीरात शोषू देत नाही. पालेभाजी, नाचणी, गूळ यांचे कितीही गोडवे गायले तरी वर लगेच कपभर कडक चहा ओतला, की त्यातलं बरंचसं वाया जातं. चहा तासाभरानं घ्यावा आणि जेवणात लिंबू पिळावं, एवढं केलं तरी फरक पडतो. पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्यांनी अर्धी लढाई नकळत जिंकलेली असते; उरलेली अर्धी ते पोह्यांसोबतच्या चहानं हरतात.

आणि लोह कमी निघालेला माणूस पुरुष असेल, किंवा पाळी गेलेली बाई असेल, तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. रक्त कुठून तरी जातंय का ते शोधावं लागतं. पोटातला व्रण असेल, मूळव्याध असेल, क्वचित आतड्याचा कर्करोगही असेल. म्हणून निवृत्त काका अचानक बर्फ चावायला लागले, तर नातवंडांनी हसावं, पण मुलानं त्यांना तपासायला न्यावं.

दुसरी खूण मानेवरची. रविवारी न्हाणीघरातून येणारा ‘मान घास नीट!’ हा आवाज ज्या घरात वाढतं पोर आहे त्या घराला नवा नाही. मानेच्या मागे काळसर पट्टा असतो. साबण झाला, बेसन झालं, लिंबाची फोड झाली, शेवटी पाय घासायचा दगडही मानेवर फिरतो. पोर कळवळतं, पट्टा तसाच. तो मळ नसतोच. हात लावून पाहिला तर कातडी किंचित जाड आणि मखमलीसारखी लागते, आणि काखेत, जांघेतही तशीच दिसते. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासं झालं, की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिननं कातडीच्या पेशी वाढू लागतात. मधुमेह दाराशी येण्याच्या कितीतरी आधी ही पाटी मानेवर लागलेली असते. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आला. त्यातल्या किती जणांच्या माना लहानपणी घासल्या गेल्या असतील!

‘आमच्याकडे कुणी जाड नाही,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. त्यावर पुण्यातूनच एक फार सुरेख प्रत्युत्तर आलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी. काटकुळे हातपाय आणि शर्टाच्या चौथ्या बटणापाशी हळूच पुढे आलेलं पोट, ही आपल्याकडची इतकी ओळखीची ठेवण आहे की तिला कुणी खूण मानतच नाही. लग्नानंतर पोट सुटणं हे तर सुखाचं प्रमाणपत्र. मान काळी असेल तर गोरं करणाऱ्या क्रीमचे पैसे वाचवून उपाशीपोटी साखर तपासून घ्यावी आणि कंबर मोजावी. वजन उतरलं की पट्टाही फिकट होत जातो. एखाद्या बारीक, वयस्क माणसाच्या मानेवर तो थोड्या महिन्यांत एकाएकी उमटला, तर मात्र क्रीम नको आणि वाट बघणंही नको.

घोरण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते स्वतःच पुरेसं बोलतं. घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो ही समजूत रेल्वेच्या डब्यात रात्र काढलेल्या प्रत्येकाची असते. पुष्कळदा उलट असतं. जोरात घोरणं चालू असताना मध्येच आवाज बंद पडतो, काही क्षण श्वासच नसतो, आणि मग गुदमरल्यासारखा आवाज करून गाडी पुन्हा सुरू होते, असं रात्रभर चालत असेल तर ती झोप नव्हे. असा माणूस दिवसा मीटिंगमध्ये, सिग्नलला, कीर्तनात डुलक्या काढतो, आणि त्याचा रक्तदाब गोळ्या घेऊनही हट्टानं वर राहतो. यावर तपासणी आहे, उपचारही आहेत. अडचण एवढीच की या खुणेचा साक्षीदार रुग्ण स्वतः नसतो, शेजारी झोपणारं माणूस असतं. त्या माणसानं मोबाइलवर दोन-पाच मिनिटं आवाज टिपून घ्यावा आणि डॉक्टरांना ऐकवावा. रीलपेक्षा त्या यंत्राचा हा उपयोग पुष्कळ बरा. घोरणाऱ्याला आधी ऐकवून काही फायदा होत नाही. तो पूर्ण ऐकतो, मान हलवतो आणि अत्रे यांच्या नाटकाचं नाव घेतो: तो मी नव्हेच.