डुप्लिकेट दिसला की लगेच डिलीट? जरा थांबा!

स्टॉकच्या यादीत 'हळद २०० ग्रॅम' आणि 'हळद पावडर २००' अशा एकाच मालाच्या दोन नोंदी सापडल्या, की आपला हात आधी डिलीटकडे जातो. माझ्या मते इथेच घात होतो. एका नोंदीवर ४० पाकिटं, दुसरीवर २५. दुसरी उडवली की २५ पाकिटं हिशोबातून गायब, रॅकवर मात्र तशीच! एक्सेलचं 'रिमूव्ह डुप्लिकेट्स'ही पहिली ओळ ठेवून बाकीच्या काढतं, बेरीज करत नाही. म्हणून आधी फाइलची कॉपी ठेवा, रॅकवरचा माल मोजा, मग तो आकडा एकाच नोंदीवर घ्या. आणि यापुढे माल ओळखायचा तो बारकोडवरून. बारकोड नसेल तर स्वतःचा कोड द्या. नावाचं काय, घाईत मीसुद्धा कधी 'हळद' लिहितो, कधी 'हळदी'.