दुसऱ्या पृथ्वीचा बाजार

सूर्याव्यतिरिक्त अन्य ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरत असले पाहिजेत, असा तर्क माणूस शतकानुशतके करीत आला. परंतु तर्क कितीही सुंदर असला तरी तो पुरावा नव्हे. १९९५ साली मिशेल मेयर व दिदिए केलो या स्विस शास्त्रज्ञांनी ५१ पेगासी या सूर्यसदृश ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधून काढला आणि त्या तर्काला पुराव्याचा आधार दिला. या शोधासाठी त्यांना २०१९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या सूचीतील अशा निश्चित ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. तीस वर्षांत एवढी मजल मारणे ही मानवी बुद्धीची केवढी थोर कामगिरी आहे!

आता प्रश्न असा की, या सहा हजारांत ‘दुसऱ्या पृथ्व्या’ किती? ज्याच्या पृष्ठभागावर पाणी आहे, ज्याची हवा आपल्यासारखी आहे, ज्यावर जीव आहे, असे सिद्ध झालेले ग्रह किती? उत्तर एका शब्दात देता येते: शून्य. तरीही ‘दुसरी पृथ्वी सापडली’ हा मथळा आपण किती वेळा वाचला आहे? २०१५ साली केप्लर-४५२बी नावाच्या ग्रहाचा शोध जाहीर झाला, तेव्हा जगभर हीच दवंडी पिटली गेली. हा ग्रह हजार प्रकाशवर्षांहून अधिक दूर. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे दीडपट. त्याचे वस्तुमान कोणी मोजलेले नाही, त्याला हवा आहे की नाही हे कोणी पाहिलेले नाही. पुढे २०१८ साली काही संशोधकांनी त्याच्या अस्तित्वाच्या निश्चितीवरच शंका घेतली. त्या शंकेचा मथळा मात्र कोणी छापला नाही. बाजारात खपते ती दवंडी. चिकित्सा खपत नाही.

प्रस्तुत लेखाचा रोख या बाजारावर आहे, शोधावर नाही. शोध झालाच पाहिजे, नेटाने झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. नेमक्या याच कारणास्तव त्याच्या नावाने चाललेली दुकानदारी उघडी पाडणे मला अगत्याचे वाटते.

‘वस्तीयोग्य’ या शब्दाची फसवणूक

खगोलशास्त्रज्ञ ज्याला वस्तीयोग्य पट्टा म्हणतात, तो ताऱ्यापासूनच्या अंतराचा एक हिशेब आहे. एखाद्या ग्रहाला योग्य प्रकारची हवा असेल तर ज्या अंतरावर त्याच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, ते अंतर म्हणजे हा पट्टा. या व्याख्येतील ‘असेल तर’ हे शब्द वाचकापर्यंत पोहोचतच नाहीत. आपल्या भाषेत ‘वस्तीयोग्य’ म्हटले की डोळ्यांपुढे घर, शेत, विहीर उभी राहते. शास्त्रज्ञाने शक्यता सांगितली, वार्ताहराने ती बातमी केली आणि वाचकाने तिचा सातबारा करून टाकला!

या शब्दाचा फोलपणा पाहण्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. शुक्र पहा. आकाराने तो पृथ्वीचा जुळा भाऊ शोभावा असा. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळून आपल्या सूर्यमालेकडे पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाला केवळ आकारावरून शुक्र आणि पृथ्वी यांत फारसा भेद करता येणार नाही. प्रत्यक्षात शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस आहे. तेथे शिसे वितळेल. एक जिवंत, एक भट्टी. भेद कशाने पडला? हवेने. सबब ज्या ग्रहाची हवा तपासलेली नाही, त्याला वस्तीयोग्य म्हणणे म्हणजे बंद लिफाफ्यावरील पत्ता पाहून आतील पत्र वाचल्याचा दावा करणे होय.

आणि जेथे हवा तपासली, तेथे काय आढळले? सुमारे ४० प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-१ या तांबड्या बटू ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचे २०१७ साली जाहीर झाले. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये त्यांपैकी आतले दोन तपासले. पहिल्यावर उल्लेखनीय वातावरण आढळले नाही. दुसऱ्यावर कार्बन डायऑक्साइडचे दाट आवरण नसल्याचे दिसले. वस्तीयोग्य पट्ट्यातील चौथ्या ग्रहाचा निर्णय अद्याप लागावयाचा आहे. असे तारे वारंवार भडकतात. त्यांच्या किरणांच्या माऱ्यात ग्रहाची हवा टिकते की उडून जाते, हाच आज वादाचा मुद्दा आहे.

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी या सुमारे १२४ प्रकाशवर्षांवरील ग्रहाच्या बातमीने अशीच खळबळ उडाली. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने तेथील हवेत डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसत असल्याचे मांडले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांमुळे निर्माण होतो. परंतु त्या गटाने स्वतःच सांगितले होते की ही खूण निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ०.३ टक्के आहे, आणि शोध मानण्यासाठी ती ०.००००६ टक्क्याखाली यावयास हवी. अन्य गटांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासून निष्कर्षाला हरकत घेतली. शास्त्र असेच पुढे जाते. यात कोणाचीही नामुष्की नाही. नामुष्की आहे ती ‘परग्रहावर जीवसृष्टी’ असे ठोकून देणाऱ्यांची. शास्त्रज्ञांनी २०२१ साली जीवसृष्टीच्या पुराव्यासाठी सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचविली आहे. संकेत दिसणे ही पहिली पायरी. आपली वृत्तपत्रे पहिल्या पायरीवरून थेट सातवीवर उडी घेतात.

पलायनाचा उपदेश

या बाजाराचा दुसरा व्यापारी अधिक धोकादायक आहे. तो म्हणतो, पृथ्वी आता संपत आली. आपण दुसरा ग्रह शोधून तेथे वसाहत करू. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली निघाले. आज ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे. सूर्याचा सर्वांत निकटचा शेजारी तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजरच्या वेगाने तेथे पोहोचावयास सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. शेतीचा शोध लागून अवघी दहा-बारा हजार वर्षे झाली आहेत, हे ध्यानात घ्यावे.

या नौकेत बसणार कोण, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. पुराचे पाणी घरात शिरते तेव्हा ज्यांना दुसऱ्या मजल्यावर जाण्याची सोय नसते, त्यांना ताऱ्यांवर जाण्याची सोय कोण करून देणार आहे? पलायनाचा हा उपदेश म्हणजे येथील जबाबदारी झटकण्याची सुसंस्कृत युक्ती आहे. परग्रहांच्या अभ्यासातून निघणारा निष्कर्ष याच्या नेमका उलट आहे. सहा हजार ग्रह पाहिले आणि पृथ्वीसारखा एकही हाती लागला नाही, याचा अर्थ ही पृथ्वी बदलून मिळणार नाही.

‘आधी भाकरी’ हा आक्षेप

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे आणि तो मी गांभीर्याने घेतो. माणसे उपाशी असताना ताऱ्यांकडे दुर्बिणी रोखण्याचा अधिकार कोणाला? ज्यांनी भूक पाहिली आहे त्यांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्यांची टिंगल करणारा विज्ञानवादी नव्हे, उद्दाम आहे. तथापि, हिशेब मांडून पाहू.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०२१ साली खगोलशास्त्राचा दशवार्षिक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे सहा मीटर आरशाच्या एका अवकाश दुर्बिणीची शिफारस आहे. हिचे नाव पुढे हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी असे ठरले. अंदाजे खर्च ११ अब्ज डॉलर. प्रक्षेपण २०४० च्या दशकाच्या पूर्वार्धात. हा खर्च वीस वर्षांवर पसरला तर वर्षाला ५५ कोटी डॉलर होतात. या देशाची लोकसंख्या सुमारे ३४ कोटी. म्हणजे माणशी वर्षाला दीड डॉलरच्या आसपास. नासाचा संपूर्ण खर्च संघराज्याच्या अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. भाकरी अडली आहे ती या अर्ध्या टक्क्यामुळे काय?

शिवाय इतिहास पहा. पृथ्वीसारखे ग्रह शोधण्यासाठी आखलेली टेरेस्ट्रियल प्लॅनेट फाइंडर ही मोहीम २००६ मध्ये बेमुदत पुढे ढकलली गेली व नंतर गुंडाळली गेली. स्पेस इंटरफेरोमेट्री मिशन २०१० मध्ये थांबविण्यात आली. युरोपची डार्विन योजनाही अभ्यासापलीकडे गेली नाही. या मोहिमा बंद झाल्या म्हणून कोणत्या वस्तीत शाळा उभी राहिली? कोणत्या दवाखान्यात एक खाट वाढली? दुर्बीण रद्द केल्याने वाचलेला पैसा गरिबाकडे आपोआप चालत जात नाही. गरिबाचे नाव घेऊन ज्ञानाचा खर्च कापणारे हात बहुधा गरिबाचाही खर्च कापणारेच असतात. मे २०२५ मध्ये सादर झालेल्या २०२६ च्या प्रस्तावात नासाच्या विज्ञानखात्यावर जवळजवळ निम्म्या कपातीची कुऱ्हाड सुचविली होती. त्याच अंदाजपत्रकी प्रस्तावात घरभाड्याच्या साहाय्यालाही मोठी कात्री होती. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतील समित्यांनी विज्ञानावरील त्या कपातीस विरोध केला, हे खरे. परंतु कुऱ्हाड एकदा उगारली गेली की पुन्हा उगारली जाते.

खरे काम कोणते?

मग करावयाचे काय? जे काम दवंडीविना चालते, त्याच्या पाठीशी उभे राहावयाचे. त्या कामाची कठीणता समजून घेतली पाहिजे.

दूरवरून पाहता पृथ्वी ताऱ्यासमोरून जाताना सूर्याचा प्रकाश दहा लाखांत केवळ ८४ भागांनी कमी करते, आणि अशी रांग जुळून येण्याची शक्यता दोनशेत एक. पृथ्वीच्या ओढीने सूर्य सेकंदाला जेमतेम नऊ सेंटिमीटर वेगाने डुलतो. रांगत्या मुलाचा वेगही याहून अधिक असतो. आणि थेट छायाचित्र घ्यावे म्हटले, तर दृश्य प्रकाशात पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे दहा अब्ज पटींनी मंद आहे. हा झगमगाट झाकण्यासाठी दुर्बिणीच्या आत कोरोनाग्राफ नावाची योजना करावी लागते. तेवढ्यासाठी आरशाची स्थिरता मीटरच्या अब्जांश भागाच्याही पलीकडे, अणूच्या आकाराहून सूक्ष्म राखावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे दुर्बिणीपुढे हजारो किलोमीटर अंतरावर तरंगणारी, फुलाच्या पाकळ्यांच्या आकाराची विशाल छत्री. नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीवरील कोरोनाग्राफ ही या वाटेवरची पहिली मोठी चाचणी आहे. दशवार्षिक आराखड्याने सुमारे २५ संभाव्य वस्तीयोग्य ग्रहांची हवा तपासण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि बांधणीपूर्वी तंत्रज्ञान परिपक्व करण्याचा टप्पा आग्रहाने सांगितला. वेब दुर्बिणीचा खर्च फुगत फुगत दहा अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि २०११ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्ताव येथवर मजल गेली होती. तंत्र सिद्ध होण्याआधी बांधकाम हाती घेतले की असे होते. म्हणून या प्रारंभीच्या, दिखाऊ नसलेल्या वर्षांचा निधी कापणे म्हणजे पाया न खणता इमारतीचा खर्च वाढविणे आहे.

चिकाटी कशास म्हणावे, हे विल्यम बोरुकी यांच्याकडून शिकावे. ग्रह शोधणाऱ्या दुर्बिणीचा त्यांचा प्रस्ताव १९९० च्या दशकात नासाने चार वेळा नाकारला. प्रत्येक नकारातील आक्षेप घेऊन ते प्रयोगशाळेत परतले व त्याचे निराकरण करून पुन्हा उभे राहिले. २००१ मध्ये मंजुरी मिळाली, २००९ मध्ये केप्लर अवकाशात गेले, आणि त्याने अडीच हजारांहून अधिक ग्रह दिले. हा मनुष्य मथळ्यांच्या मागे धावला असता तर पहिल्या नकारातच संपला असता.

मौना केआचा धडा

मात्र या शोधाचे समर्थन करताना शास्त्रज्ञांनाही खडे बोल सुनावणे आवश्यक आहे. हवाईतील मौना केआ पर्वतावर तीस मीटर दुर्बिणीची योजना आखली गेली. परग्रहांचा अभ्यास हे तिचे एक उद्दिष्ट आणि भारत तिचा भागीदार. तो पर्वत मूळ हवाईयन लोकांना पवित्र आहे. त्यांनी २०१५ व २०१९ मध्ये रस्ता अडविला. २०१५ च्या अखेरीस हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने, सुनावणीआधीच परवाना दिला गेला या कारणास्तव तो रद्द केला. २०१८ मध्ये नवा परवाना वैध ठरला, तरी दुर्बीण उभी राहिली नाही. त्या आंदोलकांना विज्ञानविरोधी ठरवून मोकळे होणारे पंडित आपण पाहिले. पर्वत पवित्र आहे की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. ज्यांच्या भूमीवर आपण उभे राहतो त्यांना आधी विचारावे की नाही, हा प्रश्न श्रद्धेचा नाही, न्यायाचा आहे. पायाखालच्या माणसाची संमती ज्यांना अडचण वाटते, त्यांच्या तोंडी ताऱ्यांवरील ‘वसाहती’चा शब्द आला म्हणजे अंगावर काटा येतो. वसाहत या शब्दाचा इतिहास आपणांस कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही.

आपले कर्तव्य

आपण या देशात कर भरतो, मत देतो, आपली मुले येथील विद्यापीठांत शिकतात. तेव्हा बघ्याची भूमिका आपणांस शोभणारी नाही. पहिली गोष्ट, ‘दुसरी पृथ्वी’ असा मथळा दिसला की तीन प्रश्न विचारावेत: अंतर किती? हवा तपासली काय? दुसऱ्या स्वतंत्र गटाने तेच पाहिले काय? दुसरी गोष्ट, अंदाजपत्रकाच्या दिवसांत आपल्या लोकप्रतिनिधीस पत्र लिहावे. पत्रांची मोजदाद होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुलांसाठी आहे. टेस दुर्बिणीची निरीक्षणे सर्वांना विनामूल्य खुली आहेत. सामान्य नागरिकांनी असे आलेख चाळून ग्रह शोधल्याची उदाहरणे आहेत. के२-१३८ या ताऱ्याची ग्रहमाला स्वयंसेवकांच्या साहाय्यानेच उजेडात आली. येथे कोणी कुळ विचारत नाही, शिफारसपत्र मागत नाही. ज्ञानाचे असे उघडे दार मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या दारातून आपली मुले आत गेलीच पाहिजेत.

कदाचित आणखी वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या मंद ठिपक्याच्या वर्णपटात ऑक्सिजन व मिथेन एकत्र दिसतील. एकमेकांना नष्ट करणारे हे वायू एकत्र टिकतात ते कोणीतरी ते सतत निर्माण करीत असले तरच. त्या दिवशीही आपण तेथे जाऊ शकणार नाही. मात्र विश्वात आपण एकटे नाही, हे पुराव्यानिशी कळेल. कोणाच्याही साक्षात्कारावर वा मथळ्यावर विसंबून नव्हे, तर मोजून, तपासून, शंका घेऊन. त्या दिवसाची वाट धीराने पाहावी, त्यासाठी झगडावे, आणि तोवर जी एकमेव वस्तीयोग्य जागा आपणांस ठाऊक आहे, ती सर्वांसाठी वस्तीयोग्य करावी.