रिलेचा काटा कोणी फिरवावा?

हाथीखान्यातील आपल्या बंधूंच्या गोदामांत धान्य चाळणे, वर चढविणे ही कामे आता मोटारी करतात. तराजूचा काटा आपण रोज स्वतः पाहतो; परंतु स्टार्टरच्या पेटीतील ओव्हरलोड रिलेचा काटा कोणत्या आकड्यावर आहे, हे किती मालकांस सांगता येईल? दोन वर्षांपूर्वी आम्हांसही सांगता आले नसते.

आमच्या एलेव्हेटरवर साडेसात हॉर्सपॉवरची मोटार आहे. तिच्या नावपट्टीवर ११ अँपिअर असा आकडा आहे. त्या पावसाळ्यात ओलसर तूर आली. एलेव्हेटरचा तळ वारंवार तुंबे आणि रिले यंत्र बंद पाडी. दारात ट्रक उभे. मुकादमाच्या सांगण्यावरून वायरमनने काटा ११ वरून शेवटच्या १६ वर नेला. यंत्र पुन्हा अडले नाही. आम्ही त्यास बक्षीस दिले!

पुढे एका रात्री तीन फेजांपैकी एकीचा फ्यूज गेला. मोटार तशीच चालत राहिली. एरवी ती ९ अँपिअर घेई. आता उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट, म्हणजे पंधरासोळा अँपिअर वाहू लागले. काटा ११ वर असता तर रिलेने काही मिनिटांत वीज तोडली असती. १६ वर त्यास काहीच वावगे दिसले नाही. वाइंडिंग जळाले, शेजारच्या बारदानाने पेट घेतला, आणि ते ओढून बाहेर काढताना आमच्या जुन्या हमालाचे दोन्ही तळवे भाजले. मोटार आठवड्यात भरून आली. त्यास मात्र तीन महिने पोते उचलता आले नाही.

फ्यूज असता रिले कशास, असे काही बंधू विचारतात. मोटार सुरू होताना क्षणभर सहा-सात पट प्रवाह घेते. तो सोसेल असाच फ्यूज घालावा लागतो. तो शॉर्टसर्किटसाठी आहे, हळूहळू चढणारी उष्णता त्यास कळत नाही. रिलेतील दोन धातूंच्या जोडपट्ट्या मात्र प्रवाहाने तापून वाकतात व वीज तोडतात.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, काटा नावपट्टीच्या आकड्यावर असावा आणि मालकास विचारल्याशिवाय कोणी त्यास हात लावू नये. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वाइंडिंगच्या वाटेवर असतो. तेथे आकड्यास ०.५८ ने गुणावे. २१ अँपिअरच्या मोटारीस १२. तेथे २१ ठेवणे म्हणजे रिले नसल्यासारखेच! रिसेटही हातानेच करावा; आपोआप होणाऱ्या रिसेटने काही जोडण्यांत तळ साफ करणाऱ्याचा हात आत असतानाच यंत्र सुरू होऊ शकते.

सीझनात खोळंबा परवडत नाही, हे आम्हांस कोणी शिकवू नये. पण रिले वारंवार पडतो तेव्हा तळ तुंबलेला असतो, आवक अधिक सोडलेली असते, किंवा व्होल्टेज उतरलेले असते. तेच पाहावे. काम खरोखर वाढले असल्यास मोठी मोटार घ्यावी. ज्या नगरीत १८९० साली कलाभवन उभे राहिले, तेथील व्यापाऱ्यास नावपट्टी वाचता येऊ नये काय?

आमच्या पेटीवर आता तांबड्या रंगात ११ लिहिले आहे व किल्ली गादीजवळ असते. मुकादम अजूनही दिवाळीपूर्वी एकदा विचारतोच, "शेठ, थोडा वाढवू?"