सुरांचे घर आणि सुरांचे दुकान

एखाद्या राष्ट्राचे संगीत परक्या पाहुण्याला ऐकवायचे कोठे? सभागृहात, देवळाच्या मंडपात, की दारूच्या गुत्त्यात? आयर्लंडने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे ते ऐकून आमच्याकडील सात्त्विक मंडळी नाक मुरडल्याशिवाय राहणार नाहीत. त्या देशाच्या राजधानीत, डब्लिन शहरात, संध्याकाळ झाली की पर्यटकांचा एक लहानसा जथा एखाद्या पबच्या माडीवर जमतो. दोन वादक त्यांचे यजमान असतात. तिकीट काढून आलेल्या या पाहुण्यांना ते दोघे पारंपरिक आयरिश संगीत ऐकवतात, समजावून सांगतात आणि मग वाद्ये काखोटीला मारून दुसऱ्या पबकडे चालू लागतात. पाहुणे मागोमाग जातात. दोन-अडीच तासांत अशी दोन-तीन ठिकाणे होतात. इंग्रजीत या प्रकाराला ‘म्युझिकल पब क्रॉल’ म्हणतात. आपण तिला सुरांची परिक्रमा म्हणू. वरवर पाहता हा पर्यटकांचा खिसा हलका करण्याचा आणखी एक उद्योग वाटेल. परंतु त्यात आमच्या गोमंतकाने नीट न्याहाळून पाहावे असे बरेच काही आहे, म्हणून हा प्रपंच.

प्रथम या संगीताचे स्वरूप पाहू. फिडल, बासरी, टिनची शिटी, कोपराने भाता दाबून वाजवायचे इलियन पाइप्स, आणि बकऱ्याच्या कातड्याने मढवलेला, हाताच्या आधाराने धरून वाजवायचा ‘बौरान’ नावाचा चपटा डफ ही त्याची प्रमुख वाद्ये. बहुतेक धुना नाचासाठी जन्मलेल्या. सहा मात्रांच्या झोक्यात चालते ती ‘जिग’, चाराच्या सलग धावेत जाते ती ‘रील’. धुनेचे साधारणतः दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ आवर्तनांचा आणि तो दोनदा वाजवायचा. अशी संपूर्ण धून दोन-तीन वेळा झाली की न थांबता, केवळ एका नजरेच्या इशाऱ्यावर, सारे वादक दुसऱ्या धुनेत शिरतात. स्वरलिपीचा कागद समोर नसतो. विद्या कानाने घ्यायची आणि हाताने द्यायची. स्लायगो, क्लेअर, डोनेगल अशा परगण्यांच्या वादनशैली वेगवेगळ्या, आणि जाणकार दोन मिनिटांत वादकाचे गाव सांगतो. घराण्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या रसिकांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या संगीताची खरी बैठक, जिला तिकडे ‘सेशन’ म्हणतात, ती मैफल नव्हे. वादक श्रोत्यांकडे तोंड करून बसत नाहीत; ते टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही, कार्यक्रमपत्रिकाही नाही. परंतु शिस्त आहे. वादकांच्या ठरलेल्या खुर्चीवर परक्याने बसायचे नाही. सामील व्हायचे तर आधी विचारायचे. कोणी साथीशिवाय जुन्या वळणाचे गाणे सुरू केले की ग्लासांचा किणकिणाटही थांबला पाहिजे. आणि गाणे संपल्यावर पुढचा गायक कोण हे सुचवण्याचा मान त्या गायकाचाच. अनोळखी पाहुणा अशा बैठकीत एकटा शिरला तर तो कोपऱ्यात अवघडून उभा राहील, किंवा भलत्या वेळी टाळ्यांचा ठेका धरून साऱ्यांचा विरस करील. परिक्रमेचे दोन यजमान नेमके हेच काम करतात. ते पाहुण्याला कान देतात. जिग आणि रील यांतला फरक वाजवून दाखवतात, बौरानचा ठोका कोठे पडतो ते सांगतात, एखाद्या धुनेची कुळकथा कथन करतात, पाहुण्यांपैकी कोणाला तरी त्याच्या देशाचे गाणे म्हणायला लावतात. ती संध्याकाळ संपल्यावर तो पाहुणा दुसऱ्या दिवशी खऱ्या सेशनमध्ये जाऊन गप्प बसण्यास पात्र होतो. ही पात्रता लहान नव्हे.

मद्यपानाचा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. मद्याने आयर्लंडची किती घरे धुळीस मिळवली याची कल्पना त्या देशाला इतरांहून अधिक आहे. 1838 साली फादर मॅथ्यू यांनी तेथे मद्यपाननिषेधाची जी चळवळ सुरू केली तिच्यात लाखो लोकांनी शपथा घेतल्या होत्या. परंतु आयरिश संगीत आणि पब यांचे नाते पर्यटकाला वाटते तितके पुरातन नाही. हे संगीत वाढले ते शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी, लग्नघरात, आणि चव्हाट्यावरच्या नाचात. 1935 साली स्वतंत्र आयरिश शासनाने सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा करून परवान्याशिवाय सार्वजनिक नाच भरवण्यास बंदी केली. धर्मगुरू आणि पोलीस यांनी त्या कायद्याचा बडगा घरगुती नाचांवरही उगारला, आणि घरातला नाच घरातच गुदमरू लागला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर पोटासाठी लंडनला गेलेले आयरिश मजूर, ज्यांना राहायला एक खोली आणि शेजारी मात्र परके, ते पबमध्ये वाद्ये घेऊन जमू लागले. आज आपण ज्याला सेशन म्हणतो ती रीत तेथे रुजली आणि मग मायदेशी परतली. म्हणजे पब हे या संगीताचे माहेर नव्हे. माहेरचे दार बंद झाल्यावर मिळालेला तो आसरा होय.

मुळात हे संगीत टिकले हेच नवल. 1845 ते 1852 या वर्षांतील बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि साधारण तितकीच देशोधडीस लागली. गावेच्या गावे ओसाड पडली. त्यांच्याबरोबर वादक गेले, नाच गेले, भाषाही गेली. आज आयर्लंडमध्ये आयरिश ही पहिली राजभाषा आहे, शाळेत ती शिकवली जाते, पण शाळेबाहेर रोजच्या व्यवहारात ती बोलणारे थोडे. ज्या राष्ट्राच्या तोंडातून त्याची भाषा निसटली त्याने आपली ओळख बोटांत जपली, असेच म्हणावे लागेल. 1916 सालच्या ज्या एप्रिलमध्ये डब्लिनच्या रस्त्यांवर आयरिश क्रांतिकारकांनी उठाव केला, त्याच एप्रिलमध्ये लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली, आणि ‘होमरूल’ हा शब्दच मुळी आयर्लंडच्या लढ्यातून आपल्याकडे आला होता. त्यामुळे आयर्लंडने स्वातंत्र्यानंतर आपल्या सांस्कृतिक ठेव्याचे काय केले, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

हा ठेवा कोणी राखला? 1792 साली बेलफास्टला दहा आयरिश हार्पवादक जमले, त्यांत कित्येक अंध होते. एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या तरुणाने त्यांच्या धुना लिहून घेतल्या. कॉर्क परगण्यातून अमेरिकेत गेलेला आणि शिकागो शहराचा पोलीसप्रमुख झालेला फ्रान्सिस ओ’नील याने तेथील आयरिश लोकांकडून धुना गोळा करून 1903 साली 1850 धुनांचा संग्रह छापला. स्लायगोचा फिडलवादक मायकेल कोलमन याच्या न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या ध्वनिमुद्रिका 1920 नंतरच्या दशकात आयर्लंडच्या खेड्यांत पोहोचल्या आणि तेथल्या तरुणांनी त्या ऐकून पुन्हा धनुकली हाती घेतली. 1951 साली ‘कोल्तस’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या शाखा गावोगाव मुलांना शिकवतात आणि तिचा वार्षिक संगीतमेळा, ज्याला ‘फ्ला’ म्हणतात, आजही भरतो. इलियन पाइप्स वाजवणारे विरळ झाले तेव्हा 1968 साली त्या वादकांनी स्वतःची संस्था काढली. 2017 साली त्या वादनाला आणि 2019 साली हार्पवादनाला युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. वाचकांनी लक्षात घ्यावे की या सबंध यादीत पर्यटन खाते कोठेही नाही. आधी घर बांधले गेले, नंतर त्याच्या ओसरीवर पाहुण्यांसाठी चटई पसरली गेली. परिक्रमेचे ते दोन यजमान या घरातून आलेले आहेत, म्हणून त्यांच्या दोन तासांना वजन आहे.

आणि घराकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचाही धडा डब्लिननेच दिला आहे. शहराच्या मध्यावरील टेंपल बार हा भाग 1980 नंतरच्या दशकात सरकारी वाहतूक संस्थेने बसस्थानकासाठी विकत घ्यायला सुरुवात केली. तोवर इमारती पाडायच्या नाहीत म्हणून त्या स्वस्त भाड्याने दिल्या. तेथे चित्रकार, वादक, छोटे दुकानदार आले आणि त्या भागाला आपसूक जीव आला. मग बसस्थानक रद्द झाले, 1991 साली कायदा करून तो भाग ‘सांस्कृतिक वस्ती’ म्हणून विकसित करण्यात आला. कलासंस्था आल्या, हे खरे. पण मागोमाग भाडी चढली आणि पबांची रांग लागली. आज तेथे रात्री ध्वनिक्षेपकावर तीच ती ठरावीक लोकप्रिय गाणी चाललेली असतात, बिअरचा भाव शहरात इतरत्र नाही एवढा असतो, आणि डब्लिनकर शक्यतो तिकडे फिरकत नाहीत. 2021 साली तर याहून मोठा प्रसंग आला. स्मिथफिल्ड भागातील ‘कॉबलस्टोन’ या पबमध्ये वर्षानुवर्षे उत्तम सेशन होत आली आहेत आणि तेथील मागच्या खोल्यांत संगीताचे वर्गही चालत. त्या जागेवर नऊ मजली हॉटेल उभारण्याचा प्रस्ताव आला. ज्या संगीतासाठी पर्यटक येतात त्या संगीताची खोली पर्यटकाच्या निजायच्या खोलीसाठी पाडायची! त्या ऑक्टोबरमध्ये वादक आणि नागरिक रस्त्यावर उतरले, आणि नोव्हेंबरमध्ये नगरपालिकेने परवानगी नाकारली. लोकांनी गप्प बसायचे ठरवले असते तर ते हॉटेल उभे राहिले असते, आणि त्याच्या तळमजल्यावर बहुधा ‘आयरिश संगीत’ अशी पाटीही लागली असती.

आता गोमंतकाकडे वळू. मांडवीच्या पात्रात संध्याकाळी पर्यटकांच्या नौका फिरतात. तासाभराच्या त्या फेरीत देखणी, कुणबी नाच, पोर्तुगीज वळणाचे एखादे नृत्य असे पाच-पाच मिनिटांचे तुकडे होतात. मध्ये निवेदक पर्यटकांनाच मंचावर बोलावून सिनेगीतांवर नाचवतो. नाचणारी मुले-मुली कष्टाळू असतात, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार ही की देखणी म्हणजे काय, हा ताल कोणता, हे गाणे कोणी कोणासाठी रचले, याविषयी एक वाक्यही त्या तासात पर्यटकाच्या कानी पडत नाही. कॅसिनोंच्या झगमगत्या जहाजांशेजारून तो परततो तेव्हा गोव्याविषयी त्याच्या ज्ञानात कसलीही भर पडलेली नसते. डब्लिनमधला वादक हा यजमान असतो; मांडवीवरचा कलावंत हा दोन घोषणांमधला भराव असतो. सारा फरक येथे आहे.

वास्तविक आपल्याकडे परिक्रमा नवी नाही. चतुर्थीच्या दिवसांत घुमट, शामेळ आणि कासाळे घेऊन आरतीची मंडळी वाड्यावर घरोघर फिरतात. प्रत्येक घरी गणपतीसमोर बैठक जमते, घरचा माणूस श्रोता न राहता झांज उचलतो, आरत्यांची लय चढत जाते, आणि चहा-चिवडा घेऊन मंडळी पुढच्या घरी जातात. तेथेही व्यासपीठ नाही, आणि नेमके वळण कोठे घ्यायचे हे डोळ्यांच्या इशाऱ्यानेच ठरते. आयरिश सेशनचा जो प्राण तोच या बैठकीचा, आणि आमच्या बैठकीला बिअरच्या पिंपाचीही गरज नाही. 2019 साली शासनाने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून जाहीर केले. पूर्वी घुमट घोरपडीच्या कातड्याने मढवत. वन्यजीव कायद्याने ते बंद झाल्यावर बकऱ्याचे कातडे आले. त्याने नाद किती बदलला, मातीचे भांडे घडवणारे कुंभार किती उरले, नव्या मुलांना हात कोण देतो, हे खरे वारशाचे प्रश्न. राजपत्रातील घोषणेने त्यांची उत्तरे मिळत नाहीत.

म्हणून आमची सूचना स्पष्ट आहे. ज्याला गोव्याचे संगीत पर्यटकाला दाखवायचे असेल त्याने कलावंतालाच यजमान करावे. वीस-पंचवीस पाहुण्यांचा जथा, दोन जाणते वादक, ध्वनिक्षेपकाला रजा, आणि दोन तास सावकाश बोलणे-वाजवणे. मानधन वादकाच्या हातात पडावे, मध्यस्थाच्या नव्हे. त्या उत्पन्नाचा वाटा गावातील मुलांच्या शिक्षणवर्गाला जावा. आणि काय दाखवायचे यापेक्षाही काय दाखवायचे नाही, याचा निर्णय गावाने घ्यावा. पौषातल्या रात्री मांडावर बायका जो धालो खेळतात तो त्यांचा स्वतःचा आहे. त्याला प्रेक्षक नाहीत हेच त्याचे वैशिष्ट्य. चतुर्थीची आरती हा देवघरातील प्रसंग आहे, तिकिटाचा नव्हे. परंतु तेच घुमट वर्षाच्या इतर दिवसांत एखाद्या जुन्या घराच्या राजांगणात वाजवून दाखवायला आणि समजावून सांगायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. घराचे माजघर वेगळे आणि ओसरी वेगळी, हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते.

पर्यटन वाईट नाही. ते अडाणी असणे वाईट. पाहुणा दोन पैसे देतो म्हणून त्याला काहीही वाढावे असे नाही, आणि तो परका आहे म्हणून त्याला दारातून परत पाठवावे असेही नाही. त्याला ओसरीवर बसवावे, ऐकायला शिकवावे, आणि घर आपले आपण राखावे. आयर्लंडला दोनशे वर्षांच्या पडझडीनंतर ही अक्कल आली, तीही पुरती आली असे म्हणवत नाही. आपण तितकी वर्षे थांबण्याचे कारण नाही.