आभारपत्राआधी देणे चुकते करा

साडीचे काठ-पदर आणि बुट्ट्यांची डिझाइन्स करून देण्याच्या आमच्या धंद्याला २५ वर्षे झाली. मालेगावच्या आमच्या पेढीवर मुलांनी बेत केला की ग्राहक, कारागीर आणि भागीदार यांचे आभार मानायला एक जेवण ठेवावे व छान आभारपत्र छापावे. बेत मलाही आवडला. मी निमंत्रितांची यादी करायला बसलो. शेजारी देण्याची वही उघडी होती. पाहतो तर दोन्हीकडे बरीचशी नावे तीच! ज्यांना बिर्याणी खाऊ घालायची, त्यांचीच तीन-तीन महिन्यांची बिले आमच्याकडे थकलेली.

पहिलेच नाव कार्ड टोचणाऱ्या उस्तादांचे होते. जॅकार्डवर काम करणाऱ्यांना ही मेहनत ठाऊक आहे. ग्राफ पेपरवर नक्षी उतरवायची, मग बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठी एक कार्ड टोचायचे. बुट्टीला २०० धागे लागत असतील तर २०० कार्डे. एक भोक चुकले की तोच दोष साडीभर प्रत्येक बुट्टीत दिसतो. आज बरेच काम संगणकावर होते, पण आमचे नाव झाले ते या माणसाच्या नजरेवर. त्यांनी कधी तगादा लावला नाही, म्हणून आम्ही त्यांना मागे ठेवले. जो ओरडला त्याला आधी दिले. ही आमचीच चूक, आणि ती लिहिताना शरम वाटते.

आपल्या धंद्यात एक वाक्य सर्वांच्या तोंडी असते: ‘पार्टीचे पेमेंट आले की देतो.’ पण कारागिराचा किराणावाला आणि मुलांची शाळा आपल्या पार्टीसाठी थांबत नाहीत. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता कायदाही तेच सांगतो. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्याला तर वेळेवर मुद्दल देण्यावाचून दुसरा रस्ता नाही. कारागीर बांधवांनीही उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती नसेल तर हा हक्क मागता येत नाही.

ग्राहकाचे आभार कसे मानावे? एका व्यापाऱ्यासाठी केलेली नक्षी रंग बदलून दुसऱ्याला विकू नये, यापेक्षा मोठे आभार नाहीत. मिठाईचा डबा चार दिवसांत संपतो, गेलेला विश्वास परत येत नाही. शक्य असेल तिथे डिझाइनची नोंदणी करावी. २००० च्या कायद्याने १० वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षे हक्क राहतो. मात्र माल बाजारात दाखवण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो.

भागीदाराचे आभार म्हणजे त्याच्यासमोर उघडी वही. नफा-तोटा त्याने विचारण्याआधी आपण सांगावा.

आम्ही जेवण दोन महिने पुढे ढकलले आणि आधी वहीतली नावे एकेक करून खोडली. काही रक्कम उभी करायला जुना माल कमी भावात काढावा लागला. जेवणाच्या दिवशी उस्ताद आले, पहिल्या रांगेत बसले. त्यांच्याकडे नजर वर करून पाहता आले, एवढेच माझ्यासाठी पुष्कळ होते.

व्यापारी बंधूंनो, ईदला, दिवाळीला किंवा पेढीच्या वाढदिवसाला आभारपत्रे जरूर छापा. पण छापखान्यात जाण्यापूर्वी एकदा देण्याची वही उघडा. शुक्रिया शब्दाचे वजन तिथेच कळते.