वय झालं, म्हणून?

‘वय झालं, आता विसरणारच.’ खडवलीच्या फलाटावर घरच्या म्हाताऱ्यांचा विषय निघाला, की तो या वाक्यावर मिटतो. गाडीला अजून अर्धा तास असला तरी मिटतो. डोक्यातल्या पेशी मरत जातात, त्याला कोण काय करणार, ही आपली ठाम समजूत. ती निम्मीच खरी आहे, आणि तिला धक्का दिला तो एका किड्याने.

सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा पारदर्शक सूत्रकृमी. आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, त्यामुळे म्हातारपण पाहायला संशोधकाला स्वतःच्या निवृत्तीपर्यंत थांबावं लागत नाही. मज्जापेशी 302. त्यांतली कोणती कुणाला जोडलेली, याचा नकाशा 1986 सालीच छापून आला. 2002 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी धड हलताही न येणारे थकलेले कृमी तपासले. स्नायू पार विरलेले, मज्जापेशी मात्र जवळपास शाबूत. मग बिघडतं काय?

कसारा लोकलने सीएसएमटीला उतरून कुलाब्याच्या टोकाला गेलं, की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. तिथे संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा या कृमीच्या मज्जातंतूंमधली मालवाहतूक अभ्यासते, तीही जिवंत कृमीत, सूक्ष्मदर्शकाखाली. संदेश पुढे धाडायला लागणारा माल पेशीच्या मुख्य भागात तयार होतो आणि मोटार-प्रथिनं तो तंतूच्या टोकापर्यंत ओढत नेतात. माणसात कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंतचा तंतू मीटरभर लांब. वेग सेकंदाला 1 मायक्रॉन धरा, एक खेप अकरा-बारा दिवसांची! 2018 मध्ये या गटाने दाखवलं, की तंतूत ॲक्टिन हे प्रथिन दाटलेल्या जागी माल अडतो, मागून येणाराही थांबतो आणि चक्क कोंडी होते. तीही धडधाकट कृमीत. टिटवाळा-आसनगावच्या मधे रोज रखडणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

या मालाची मुख्य मोटार यूएनसी-104. माणसातलं तिचं भावंड केआयएफ1ए. त्याच्या जनुकात दोष असला, तर लहान मुलांनाही मज्जासंस्थेचे गंभीर विकार होतात. 2016 साली संशोधकांनी दाखवलं, की कृमी म्हातारा होताना हीच मोटार कमी होत जाते आणि त्याच्या स्मरणाशी तिचा संबंध आहे. म्हणजे पेशी जागेवर, खेपा मात्र घटलेल्या.

आता जरा दमानं. आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी मज्जापेशी आहेत, आणि अल्झायमरमध्ये त्या खरोखरच मरतात. त्यामुळे मेंदू पुन्हा तरुण करण्याची बाटली विकणाऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही. असं औषध अजून निघालेलं नाही. किड्यांवर सरकारी पैसा कशाला, असं विचारणाऱ्यांशीही माझं पटत नाही. माल कुठे अडतो हेच ठाऊक नसेल, तर औषध शोधायचं कशावर?

तोवर एवढं करा. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसराळूपणा येतो आणि यांवर उपचार आहेत. घरातलं माणूस गॅस बंद करायला किंवा स्टेशनावरून घरची वाट विसरू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका; कल्याणला नेऊन डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासून घ्या.