हिमालयापूर्वी गोठणगाव

यंदाच्या सहलीचा विषय वर्गात निघाला तेव्हा एकमताने नाव पुढे आले ते धरमशाला-मॅक्लिऑडगंजचे. एका मित्राने तर तिथे गेल्यावर काय काय करायचे याची यादीच फळ्यावर लिहून काढली. मोमो आणि थुक्पा खायचा, लोण्याचा खारट चहा प्यायचा, प्रार्थनाचक्रे फिरवायची, रंगीत पताकांखाली उभे राहून फोटो काढायचा, एखाद्या लामासोबत फोटो काढायचा, घासाघीस करून स्वस्तात स्वेटर घ्यायचा. यादी दहा कलमांची झाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत.

पहिले कारण उघड आहे. त्या सहलीचा खर्च माझ्या घरच्यांना झेपणारा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि ती पायरी चढवतानाच वडिलांची दमछाक झालेली आहे. तेव्हा कोणी म्हणेल, कोल्ह्याला द्राक्षे आंबट! ही शंका मीच आधी मांडून ठेवते, म्हणजे पुढचे मोकळेपणाने बोलता येईल. कारण दुसरेही एक कारण आहे, आणि हा लेख त्यासाठी आहे.

दर हिवाळ्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकाने लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्यापैकी निम्म्यांच्या अंगावर तिथलाच स्वेटर असेल. गेले दोन हिवाळे कॉलेज सुटल्यावर मी तिथल्या एका दुकानात घड्या घालण्याचे आणि माल दाखवण्याचे काम केले. दुकान ज्यांचे, त्यांना मी मावशी म्हणते. पहिल्याच दिवशी मी त्यांना मोठ्या उत्साहाने विचारले होते, "मावशी, तुम्ही चीनच्या का?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मी भंडाऱ्याची."

मला वाटले, थट्टा करतात. पण ती थट्टा नव्हती. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव नावाचे गाव आहे. १९७२ साली तिथे तिबेटी निर्वासितांची वसाहत बसली. तिचे नाव नोर्ग्येलिंग. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. त्यापूर्वी तो सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. मावशींचा जन्म वसाहत बसल्यानंतर तीन वर्षांनी झाला. त्यांनी तिबेट पाहिलेला नाही. हिमालयही त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो चाळिशीत, धरमशालेला दर्शनाला गेल्या तेव्हा, म्हणजे आपण सहलीला जाणार तसाच, पाहुण्यासारखा!

मार्च १९५९ मध्ये दलाई लामांना ल्हासा सोडून भारतात यावे लागले. त्यांच्यामागून हजारो लोक आले. पुढे त्यांच्या वसाहती कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोडला झाल्या, आज छत्तीसगडात असलेल्या मैनपाटला झाल्या, आणि आपल्या महाराष्ट्रात गोठणगावला. बर्फाच्या देशातली माणसे झाडीपट्टीच्या उन्हात आली आणि धानाची शेती शिकली. दिवाळीच्या सुमारास घरातली कर्ती माणसे लुधियानाचा माल उधारीवर उचलतात आणि गावोगावी दुकाने मांडतात. हंगाम संपला की उधारी फेडायची आणि उरेल ते घरी न्यायचे. म्हणून सांगते, त्या दुकानात घासाघीस करताना आपण ज्या पन्नास रुपयांसाठी हट्ट धरतो, त्यांवर मावशींचा सारा नफा उभा असतो. यादीतले ते शेवटचे कलम मला त्यामुळेच टोचले.

पहिले वर्ष संपल्यावर, मे महिन्याच्या सुटीत, मी गोठणगावला गेले. वसतिगृहातली माझी एक मैत्रीण अर्जुनीकडचीच आहे. तिच्यासोबत रात्रीच्या एस.टी.ने नागपूर, आणि पुढे गाडीने अर्जुनी. मावशींचा आग्रह होताच, पण त्यांनी एक अट घातली होती, "हिवाळ्यात येऊ नको. तेव्हा गावात म्हातारी माणसे आणि पोरे तेवढी असतात." ही गोष्ट कुठल्याही यादीत मला आढळली नसती.

काय पाहिले म्हणाल, तर फार मोठे काही नाही. मोहाची झाडे, धानाची कोरडी बांधी, आणि घरांवर पाच रंगांच्या पताका: निळा आकाशाचा, पांढरा वाऱ्याचा, लाल अग्नीचा, हिरवा पाण्याचा, पिवळा पृथ्वीचा. हिमालयातल्या चित्रात मी त्या बर्फासमोर पाहिल्या होत्या. इथे त्या विदर्भाच्या उन्हात फडफडत होत्या आणि विटत होत्या. विटल्या तरी चालते, किंबहुना विटायलाच हव्यात, असे मावशी म्हणाल्या. त्यांवर छापलेली प्रार्थना वाऱ्याने वाहून न्यायची असते. गोम्पात पादत्राणे काढून गेलो. चक्रे उजवा हात घालून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायची, आणि प्रदक्षिणाही तशीच, आपल्याकडे घालतात तशी. पताका ओलांडून जायचे नाही. मूर्तीकडे पाय करून बसायचे नाही. लहान भिक्षू गोड दिसला म्हणून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही. फोटो आधी विचारून काढायचा, आणि "नको" म्हटले तर हसून कॅमेरा खाली ठेवायचा.

चक्रांवरचा सहा अक्षरांचा मंत्र कोणाचा, असे मी विचारले. मावशींच्या म्हाताऱ्या आईंनी उत्तर दिले, अवलोकितेश्वराचा. आणि मला एकदम लाज वाटली. कारण हा अवलोकितेश्वर आपल्या घराशेजारचा! विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. त्यांतल्या सातव्या लेण्यात दारालगतच्या भिंतीवर तोच उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. कोणी आगीत सापडला आहे, कोणाचे जहाज बुडते आहे, कोणाच्या पायांत बेड्या आहेत, कोणावर सिंह धावून येतो आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी म्हणजेही तोच. वेरूळच्या अकराव्या आणि बाराव्या लेण्यांत बोधिसत्त्वांची जी मंडले कोरली आहेत, तशा मंडलांची परंपरा तिबेटात आजही जिवंत आहे. दलाई लामांना तर तिबेटी लोक अवलोकितेश्वराचाच अवतार मानतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते धम्म परिषदेसाठी आपल्याच शहरात आले होते. मी तेव्हा शाळेत होते आणि माझ्या लेखी ती फक्त रस्ते बंद असण्याची बातमी होती.

इतिहासाच्या तासाला आपण हेही शिकलो आहोत की अकराव्या शतकात आचार्य अतीश इकडून तिबेटात गेले. भारतात जे संस्कृत ग्रंथ नष्ट झाले त्यांतले कितीतरी तिबेटी भाषांतरांच्या रूपाने तिकडे टिकले, आणि राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात जाऊन हस्तलिखितांचा शोध घेतला. म्हणजे आपण ज्यांना परके समजून "चीनच्या का?" असे विचारतो, त्यांनी आपलीच ठेव सांभाळून ठेवली होती. परीक्षेत हे मी पाच गुणांसाठी लिहिले होते. गोठणगावला जाईपर्यंत ते मला कळले नव्हते.

आता खरी गोष्ट सांगते. संध्याकाळी आम्ही इटियाडोह धरणाच्या बाजूला गेलो. ते गोठणगावला अगदी लागून आहे. पाणी पाहून मावशींनी मला विचारले, "तुझे गाव कोणते?" मी पुनर्वसित गावठाणाचे नाव सांगितले. मग म्हणाले, "पण आजी दुसरेच नाव सांगते."

माझ्या आजीचे गाव जायकवाडीच्या पाण्यात गेले. १९६५ साली पैठणला धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन. शंभराहून अधिक गावांवर नाथसागर पसरला. त्या पाण्यावर मराठवाड्याची शेते हिरवी झाली, आणि हे लिहिताना मी जे पाणी प्यायले तेही तिथूनच आले आहे. तेव्हा धरण नको होते, असे मी म्हणणार नाही. पण आजीला अजून कोणी गाव विचारले तर ती बुडालेल्या गावाचेच नाव सांगते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाळ तुडवीत जाते आणि हाताने दाखवते: इथे विहीर, इथे मारुतीचे देऊळ, इथे आमचा उंबरा. आणि त्याच काठावर लोक गाड्या लावून धरण पाहायला, पक्षी पाहायला येतात, पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात. त्यांत वाईट काही नाही. मात्र पाण्याखाली काय आहे, असे आजवर एकानेही आजीला विचारलेले नाही. ती तिथेच उभी असते.

मावशींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक कागद काढून दाखवला. तो निर्वासित म्हणून नोंदणीचा दाखला होता. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारताचा नागरिक, असे आपला कायदा सांगतो, आणि तो तिबेटी निर्वासितांच्या मुलांनाही लागू आहे, असा निर्वाळा उच्च न्यायालयांनी दिला आहे. म्हणजे मावशींनी अर्ज केला तर पासपोर्ट मिळण्याचा मार्ग मोकळा आहे. मी तसे म्हटले. त्या म्हणाल्या, "भंडाऱ्याची तर मी आहेच ग. त्याला कागद कशाला? पण हा कागद सोडला, तर आईचे गाव कोणी लक्षात ठेवायचे?" त्यांच्या मुलाचे मत वेगळे आहे, त्याला नोकरी हवी आहे आणि पासपोर्टही. त्या घरात यावर भांडण होते. कोणाचे बरोबर, हे ठरवणारी मी कोण? पण हे भांडण तिथे आहे, हे माहीत नसताना नुसते मोमो खाऊन परतणे मला जमले नसते.

माझ्या मित्राचे म्हणणे असे की, "पर्यटकांमुळे त्यांनाही चार पैसे मिळतात. आपण काय उदास चेहरे करून हिंडायचे का?" त्याचे बोलणे अर्धे खरे आहे. मावशीही म्हणतात, गिऱ्हाईक यावे, खावे, हसावे. मोमो मीही पोटभर खाल्ले. मावशींनी त्यांत कोबी आणि कोथिंबीर घातली होती, आणि सोबतचा ठेचा अस्सल भंडारी होता! दया नकोच आहे कोणाला. माझ्या आजीलाही ती नको असते. हवा असतो तो एक प्रश्न, आणि उत्तर ऐकण्यापुरता वेळ.

म्हणून वर्गापुढे, आणि सहल ठरवणाऱ्या सरांपुढेही, माझी नम्र सूचना आहे. धरमशाला रद्द करू नका. ज्यांना शक्य असेल त्यांनी अवश्य जावे. तिथे १९७० साली स्थापन झालेले तिबेटी ग्रंथांचे आणि हस्तलिखितांचे ग्रंथालय आहे, ते फळ्यावरच्या यादीत नव्हते, ते घालावे. पण त्याआधी तीन गोष्टी कराव्यात. एका रविवारी सातव्या लेण्यापुढे तासभर बसावे. त्याला फारसा खर्च नाही. हिवाळ्यात स्वेटर घेताना दुकानदाराला भाव विचारण्यापूर्वी गाव विचारावे. आणि जमल्यास विभागाची एक सहल गोठणगावला न्यावी. ती लोसरच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये न्यावी, कारण तेव्हा दुकाने आवरून माणसे घरी आलेली असतात. जवळच नवेगावबांधचे जंगल आणि तलाव आहे, जिथे राहून मारुती चितमपल्लींनी अरण्य वाचले आणि आपल्याला वाचायला दिले. मराठी विभागानेही यावे.

या सहलीला मीही येऊ शकेन, हा माझा स्वार्थ आहे. तो मी लपवीत नाही.

आणि परत येताना वाटेत कोणाला पैठणचे धरण पाहावेसे वाटले, तर आमच्या गावठाणावर उतरावे. आजी चहा करील. तिला फक्त गाव विचारा.

(द्वितीय वर्ष, कला)